निद्रिस्त विषाणूच्या शोधांत

ताप उतरतांना ओठाच्या कडेला बारीक पुळ्यांचा झुबका उठतो, आठवड्याभरांत खपली धरून बरा होतो, आणि पुढच्या तापांत बहुधा त्याच जागीं पुन्हां हजर होतो. मधल्या काळांत हा हर्पीसचा विषाणु राहतो तरी कोठें? श्रोतेहो, हा प्रश्न क्षुल्लक नाहीं. कारण हेंच दुखणें बुबुळावरील पारदर्शक पडद्यावर वारंवार उलटलें, तर दृष्टि जाऊं शकते.

विषाणु मज्जातंतूंच्या गांठींत दडत असावा, असा तर्क गुडपाश्चर ह्यांनीं १९२९ सालीं मांडला होता. प्रयोगाचा भक्कम पुरावा मिळण्यास १९७१ साल उजाडावें लागलें. लॉस एंजेलिस येथील स्टीव्हन्स व कुक ह्यांनीं उंदरांच्या मागच्या पायाच्या तळव्यांत विषाणु टोंचला आणि दुखण्यांतून वांचलेल्या उंदरांच्या कण्यालगतच्या गांठी काढल्या. त्या वाटून पाहिल्या, तर विषाणूचा मागमूस नाहीं! परंतु तशाच गांठी जिवंत पेशींच्या सोबतीनें कांहीं दिवस काचपात्रांत राखल्या, तों विषाणु प्रकट झाला. पूर्ण घडलेले विषाणुकण तेथें नव्हते. त्यांचा डीएनए तेवढा मज्जापेशींच्या केंद्रांत पडून होता, असें पुढें ठरलें.

उंदराची एक अडचण आहे. त्याच्या अंगांतील विषाणु आपण होऊन सहसा जागा होत नाहीं. उंदराला १० मिनिटें ४३ अंश सेल्सियस उष्ण पाण्यांत ठेवलें, तर एका दिवसांत पुष्कळांच्या गांठींत तो सांपडूं लागतो. सशाच्या अश्रूंत मात्र तो मधूनमधून आपोआप उतरतो. म्हणून नेत्रविकारासाठीं ससाच जवळचा.

बरें, प्राणी घेतला कीं त्याचा ताप, त्याची प्रतिकारशक्ति, सारें एकत्र आलें. विषाणु नेमका कशानें जागा झाला, हें सांगावें कसें? ह्यासाठीं मोठ्या जातीच्या उंदराच्या न जन्मलेल्या पिलांतून घेतलेल्या मज्जापेशी काचपात्रांत वाढवतात. त्यांना जगवणारें मज्जावर्धक द्रव्य काढून घेतलें, कीं विषाणु उठतो. यजमानाचें घर डळमळूं लागतांच पाहुण्यानें गांठोडें उचलावें, तसा!

अ‍ॅसायक्लोव्हिर हें औषध विषाणूला नव्या प्रती बनवूं देत नाहीं. पण निजलेला विषाणु प्रती बनवीतच नाहीं, त्यामुळें औषध थांबल्यावर दुखणें पुन्हां उद्भवूं शकतें. निद्रिस्त विषाणूवर चालेल असें औषध काचपात्रांत यशस्वी झालें, तरी तें सशाच्या डोळ्यांतही टिकेल असें नाहीं. तेथें त्याची निराळी परीक्षा घ्यावीच लागते.