तेल 'संपत' नाही, मग होतं काय?

खनिज तेलाचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, 'एक दिवस जगातलं तेल संपून जाईल.' तसा एकच दिवस उजाडत नाही. तेलक्षेत्र कसं थकतं, हे आपल्या मुंबई हायमध्ये दिसतं. मुंबईपासून समुद्रात सुमारे 160 किलोमीटरवर 1974 मध्ये 'सागर सम्राट' या खोदकाम-जहाजाला तेल लागलं, 1976 मध्ये उत्पादन सुरू झालं आणि ऐंशीचं दशक सरता सरता ते रोज चार लाख बॅरलच्या वर गेलं. आज ते त्याच्या निम्म्याहूनही कमी आहे. खाली तेल अजून आहे, पण खडकांतला दाब उतरलाय. तो टिकवायला पाणी आत ढकलावं लागतं आणि मग तेलाबरोबर वर येणारं पाणीच वाढत जातं. म्हणून किती तेल उरलं यापेक्षा रोज किती निघतं आणि किती खर्चात, हे विचारायला हवं.

'असली भाकितं खोटीच ठरतात,' हा दुसरा समज अर्धाच खरा. अमेरिकेचं उत्पादन 1970 च्या सुमारास शिखर गाठून उतरेल, असं भूवैज्ञानिक किंग हबर्ट यांनी 1956 मध्ये सांगितलं होतं आणि ते तसं उतरलंही. पुढे शेल खडकांतल्या तेलाने अमेरिकेने 2018 मध्ये जुना उच्चांक मोडला, हे हबर्टना दिसलं नव्हतं. मात्र शेलच्या विहिरीचं उत्पादन पहिल्या एक-दोन वर्षांतच झपाट्याने घसरतं. नवीन विहिरी सतत खोदत राहाव्या लागतात.

सगळ्यात घातक समज तिसरा: 'माझ्याकडे गाडीच नाही, मला काय फरक पडतो?' रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून निघणारा ट्रॉलर घ्या. डिझेल, बर्फ, खलाशांचं रेशन भरून तो समुद्रात जातो. या खर्चात डिझेलचा आकडा सर्वांत मोठा. मासळी विकल्यावर आधी हा खर्च वजा होतो. मालक, तांडेल (बोटीचा कप्तान) आणि खलाशी यांचे वाटे बहुतेक ठिकाणी उरलेल्या रकमेतून पडतात. लिलावात भाव ठरतो तो त्या दिवशीच्या आवकेवर, डिझेल किती महाग पडलं यावर नाही. त्यामुळे खलाशाच्या घरी सायकलही नसली तरी डिझेल महागलं की त्याच्या हातात येणारी रक्कम घटते. डिझेलवरच्या कराचा परतावा मच्छीमारांना मिळतो, पण तो मागाहून; पंपावर पैसे आधीच मोजावे लागतात. फेरी परवडेनाशी झाली की बोट धक्क्याला लागते आणि तिच्याबरोबर बर्फवाला, टोपली घेऊन बसणारी विक्रेती, सगळेच थांबतात. लासलगावहून ट्रकने जाणाऱ्या कांद्याचं, ट्रॅक्टरच्या नांगरटीचं गणितही याहून फार वेगळं नाही.

'तेल गेलं की अंधार होईल,' ही भीती मात्र सोडून द्यावी. भारतातली बहुतेक वीज कोळशावर होते, तेलाचा वाटा नगण्य आहे. मुंबईत विजेवरची लोकल 1925 पासून धावते आहे. लाखो नोकरदारांचा रोजचा प्रवास तेलाच्या भावावर अवलंबून नाही, ही फार मोठी कमाई आहे. बस, रिक्षा, दुचाकी विजेवर नेता येतात. अवजड ट्रक, जहाज, विमान यांचं काम अजून अवघड आहे.

स्वयंपाकघराचं काय? आपण कच्चं तेल 85 टक्क्यांहून अधिक आयात करतो आणि घरगुती गॅसही निम्म्याहून जास्त बाहेरूनच येतो, बराचसा आखातातून. सिलिंडर परवडेनासा झाला की गरीब घरात पुन्हा चूल पेटते आणि धूर बाईच्या छातीत जातो.

जगात तेल असूनही देशात टंचाई कशी येते, हे श्रीलंकेने 2022 मध्ये दाखवलं. त्यांच्याकडे तेल घ्यायला डॉलर उरले नव्हते. जूनअखेर खासगी वाहनांना इंधनविक्री बंद झाली, शहरांतल्या शाळा बंद झाल्या, रॉकेलअभावी मच्छीमारांच्या होड्या किनाऱ्यावर राहिल्या. जुलैमध्ये क्यूआर कोडवर आठवड्याचा कोटा ठरला: मोटारीला 20 लिटर, तीनचाकीला 5. म्हणजे ज्याचं पोट रिक्षावर, त्याला मोटारवाल्याच्या कोट्याचा पाव हिस्सा. घाईत केलेली वाटणी अशीच होणार. आपल्याकडे एसटी, ट्रॉलर, ट्रॅक्टर, रुग्णवाहिका यांना कोणत्या क्रमाने आणि किती लिटर, हे तुटवडा येण्याआधीच ठरवून जाहीर केलं पाहिजे.