पाण्याने थंड होणारा संगणक आणि त्याचे पंखे

भिलाई येथील पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. अशा भट्टीतून बाहेर पडणाऱ्या लोखंडाच्या रसाचे उष्णतामान सुमारे १,५०० अंश सेंटिग्रेड असते. भट्टीचे कवच मात्र पोलादाचेच असते. आतील अग्निरोधक विटांचे अस्तर आणि कवचालगत अखंड खेळणारे पाणी, या दोहोंच्या बळावर ते तग धरते. भट्टी पेटविण्यापूर्वी पाण्याची सोय पाहावी लागते आणि भट्टी विझल्यावरही काही काळ ती चालू ठेवावी लागते, ही गोष्ट त्या गावातील शाळकरी मुलासही नवी नाही.

आता त्याच गावातील एखाद्या घरात मेजावर असलेला संगणक घेऊ. त्याच्या मुख्य गणनयंत्रास, म्हणजे प्रोसेसरला, जोराचे काम करीत असता दीडशे वॅट वीज लागते असे मानले, तर ती जवळजवळ सर्वच्या सर्व उष्णतेत रूपांतरित होते. दीडशे वॅट हा आकडा लहान वाटतो. पण ती उष्णता सिलिकनच्या अवघ्या दोनएक चौरस सेंटिमीटर तुकड्यातून बाहेर पडावयाची असते. कपड्यांच्या हजार वॅटच्या इस्त्रीचा तळ सुमारे दोनशे चौरस सेंटिमीटर असतो. दर चौरस सेंटिमीटरमागे हिशेब केला, तर इस्त्रीच्या वाट्यास पाच वॅट येतात आणि सिलिकनच्या तुकड्याच्या वाट्यास पंचाहत्तर. ही उष्णता हलविली नाही, तर उष्णतामान शंभर अंशांच्या जवळ जाते. तेथे प्रोसेसर स्वसंरक्षणार्थ आपला वेग उतरवितो आणि अखेरीस बंद पडतो. मे महिन्यात दुपारी संगणक ‘मंद झाला’ अशी जी तक्रार ऐकू येते, तिच्या मुळाशी पुष्कळदा हेच कारण असते.

उष्णता वाहण्याच्या कामी पाण्यास तोड नाही. एक लिटर पाण्याचे उष्णतामान एक अंशाने वाढविण्यास जेवढी उष्णता लागते, तेवढ्या उष्णतेत सुमारे साडेतीन हजार लिटर हवा एक अंशाने तापते. म्हणूनच तांब्याच्या पोकळ ठोकळ्यातून मिनिटास केवळ एक लिटर पाणी फिरविले, तरी तीनशे वॅट उष्णता घेऊन ते जेमतेम सव्वाचार अंशांनी तापते. यावरून असेही ध्यानात येईल की, पंप दुप्पट जोराचा घेतल्याने फारसा लाभ होत नाही. फार तर दोन अंशांचा फरक पडतो. खरा प्रश्न पुढचा आहे. पाण्याने उचललेली उष्णता शेवटी हवेलाच द्यावी लागते, आणि ते काम रेडिएटर व त्यावरील पंखे करतात.

येथे एक मर्यादा आहे. बंद नळ्यांतून फिरणारे पाणी सभोवतालच्या हवेहून अधिक थंड कधीच होऊ शकत नाही. कारखान्यातील शीतमनोऱ्यांत तसे होते, कारण तेथे पाण्याचा थोडा भाग वाफ होऊन निघून जातो व जाताना उरलेल्या पाण्यातील उष्णता घेऊन जातो. वाळ्याच्या पडद्याचे आणि कूलरचे तत्त्वही हेच. हवा ४४ अंशांची पण कोरडी असेल, तर ओल्या कापडात गुंडाळलेला उष्णतामापक वीस ते पंचवीस अंशच दाखवितो. श्रावणात हवा दमट झाली की हा लाभ उरत नाही. संगणकाच्या पाण्यास बाष्पीभवनाची वाट मोकळी नसल्यामुळे मे महिन्यात ते ४४ अंशांखाली येणार नाही, मग पंखे कितीही लावा. मात्र हवेहून थंड पृष्ठभाग कोठेच नसल्याने विद्युत् मंडलांवर दव साचण्याचे भयही राहत नाही. कूलरच्या खोलीत संगणक ठेवावयास हरकत नाही. तुषार मात्र त्यावर येता कामा नयेत.

पंख्यांच्या रचनेत सर्वांत अधिक चूक होते ती हवेच्या वाटेबाबत. रेडिएटर पेटीच्या वरच्या अंगास बसवून आतील हवा त्यातून बाहेर फेकली, तर त्यास मिळणारी हवा चित्रफलकाच्या (ग्राफिक्स कार्डाच्या) उष्णतेने आधीच तापलेली असते. तोच पुढील अंगास बसवून बाहेरची ताजी हवा त्यातून आत घेतली, तर पाणी काही अंशांनी थंड राहते. पण पेटीतील इतर भागांस कोमट हवा मिळते. भिलाईसारख्या ठिकाणी पहिल्याच पायरीला हवा ४४ अंशांची असते, तेव्हा तिला आणखी तापवून रेडिएटरकडे धाडणे शहाणपणाचे नाही. पुढून आत, मागून व वरून बाहेर, हीच वाट धरावी. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेहून थोडी अधिक ठेवली, तर फटींतून धूळ शिरत नाही. मेजाखालच्या बंद कप्प्यात संगणक ठेवला, तर फेकलेलीच हवा फिरून आत येते आणि सर्व योजना फुकट जाते.

रेडिएटरच्या पातळ पत्र्यांतून हवा ढकलण्यास दाब लागतो. मोकळ्या जागेत पुष्कळ वारा देणारा पंखा तेथे लंगडा पडतो. रुंद पात्यांचा, कमी वारा पण अधिक दाब देणारा पंखा उपयोगी पडतो. पंखे शेजारी-शेजारी लावल्यास वारा वाढतो. रेडिएटरच्या दोन्ही अंगांस एकापाठोपाठ लावल्यास दाब वाढतो, आणि त्याचा उपयोग रेडिएटर जाड असेल तरच. पंख्याने हवा ढकलावी की ओढावी, यात उष्णतेच्या दृष्टीने फारसा भेद नाही. ओढणाऱ्या पंख्याच्या बाबतीत धूळ रेडिएटरच्या बाहेरच्या तोंडावर बसते व ती साध्या कुंचल्याने निघते. ढकलणाऱ्या पंख्यामागे ती दडून बसते, एवढे मात्र खरे. पंखा व रेडिएटर यांमधील फट फोमच्या पट्टीने बुजवावी, नाही तर हवा सोपी वाट धरून बाजूने निसटते.

पंख्याचा वेग निम्मा केला तर वारा निम्मा होतो, दाब एक चतुर्थांश होतो आणि लागणारी शक्ती केवळ एक अष्टमांश उरते. आवाजही सुमारे पंधरा डेसिबलनी उतरतो. उलट पाणी व हवा यांच्या उष्णतामानांतील अंतर दुप्पट होत नाही, त्याहून कमीच वाढते. म्हणून एक पंखा गरगर फिरविण्यापेक्षा मोठा रेडिएटर व त्यावर सावकाश फिरणारे तीन पंखे, हा व्यवहार केव्हाही किफायतशीर ठरतो.

आता हे पंखे केव्हा जोरात फिरावेत, हे कोणी ठरवावयाचे? बहुतेक संगणकांत ते प्रोसेसरच्या उष्णतामानावरून ठरते, आणि पाण्याच्या संगणकास ते मुळीच मानवत नाही. प्रोसेसर एखाद्या क्षणात पंधरा-वीस अंश चढतो व उतरतो. पाणी मात्र जड स्वभावाचे असते. एक लिटर पाण्यात तीनशे वॅट उष्णता ओतली आणि काहीच बाहेर गेली नाही, तरी मिनिटास ते चार अंशांच्या आसपासच चढेल. क्षणाक्षणाला पंखे ओरडविण्याने त्या पाण्यावर काही परिणाम होत नाही. तेव्हा उष्णतामापक पाण्यातच बसवावा, आणि वेग चढविण्याच्या व उतरविण्याच्या बिंदूंत एक-दोन अंशांचे अंतर राखावे.

एवढ्यानेही भिलाईत भागत नाही. ‘पाणी ४५ अंशांचे झाले की पंखे पूर्ण वेगाने’ असा नियम बांधला, तर मे महिन्यात संगणक रिकामा बसला असतानाही पंखे दिवसभर घोंघावत राहतील. कारण हवाच ४४ अंशांची असताना पाणी ४६ अंशांवर असणारच. येथे दुसरा उष्णतामापक हवेच्या प्रवेशद्वारी लावून पाणी व हवा यांतील अंतरावर नियम बांधावा. अंतर पाच अंशांपर्यंत असेल तर मंद गती, पंधरा अंश झाले तर पूर्ण गती. असे केल्यास रिकामा संगणक मे महिन्यातही शांत राहतो, आणि पंख्यांचा जोर तेथेच खर्च होतो जेथे त्याने काही साधते. सामान्य पंप व जोड ६० अंशांपर्यंतच्या पाण्यासाठी केलेले असतात. पाणी त्या सुमारास पोहोचल्यास कामाचा बोजाच कमी करण्याची व्यवस्था हवी.

पंप बंद पडल्यास मात्र पाण्यातील उष्णतामापक दगा देतो. ठोकळ्यात अडकलेले तीस-चाळीस मिलिलिटर पाणी मिनिटाच्या आत उकळीकडे जाते; पण रेडिएटरजवळच्या उष्णतामापकापर्यंत ते पोहोचतच नाही. तो उलट पाणी थंड होत असल्याचे दाखवितो आणि पंखे मंद होतात. यासाठी पंपाचा वेग वा पाण्याचा प्रवाह यांवर स्वतंत्र पहारा असावा. पाण्याचा दाब वेगळा पाहावा लागतो, ही गोष्ट भिलाईने फार मोठी किंमत देऊन अनुभवली आहे. १२ जून २०१४ रोजी कारखान्यातील पंपगृहात बिघाड झाला, वायू शुद्ध करणाऱ्या विभागातील पाण्याचा दाब उतरला आणि झोतभट्टीचा विषारी वायू बाहेर आला. त्यात सहा जणांचा मृत्यू झाला. घरातील संगणकाची त्या प्रसंगाशी तुलना होऊ शकत नाही. पाणी आहे आणि पाणी वाहत आहे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत, इतकेच दोहोंत समान आहे.

पाणी ५५ अंशांवर गेले म्हणून भिण्याचे कारण नाही. प्रोसेसर व पाणी यांत तीसएक अंशांचे अंतर धरले, तरी तो ८५ अंशांवर राहतो व आपला वेग उतरवीत नाही. पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या प्रगत संगणन विकास केंद्राने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला. त्याच मालिकेतील ‘परम ब्रह्म’ हा पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत २०१९ मध्ये उभा राहिला, आणि त्यातील गणनयंत्रांना थेट द्रवानेच थंड केले जाते. जर्मनीत म्यूनिकजवळ गार्शिंग येथे २०१२ मध्ये चालू झालेल्या ‘सुपरएमयूसी’ या महासंगणकास तर चाळीस अंशांचे पाणी मुद्दाम पुरविले जाई, आणि त्यातून तापून निघालेल्या पाण्यावर हिवाळ्यात तेथील इमारती ऊबदार राखल्या जात.