नदीच्या गाळाची परीक्षा

जपानांतील तोयामा प्रांतांत जिन्झू नांवाची नदी आहे. तिच्या पाण्यावर भात पिकविणाऱ्या घरांतून, विशेषेंकरून उतारवयाच्या बायकांत, एक भयंकर रोग फैलावला होता. हाडें इतकीं ठिसूळ होत कीं, खोकल्याच्या उबळीनेंहि बरगडी मोडे. ‘दुखतें, दुखतें’ या अर्थाचें ‘इताई-इताई’ हें त्याचें नांव रोग्यांच्या कण्हण्यावरूनच पडलें. वरच्या अंगास कामिओका येथें जस्ताची व शिशाची खाण होती. तेथून वाहून येणारा कॅडमियम धातु या रोगाचें मूळ होय, असें डॉ. नोबोरू हागिनो यांनीं प्रतिपादिलें. जपान सरकारनें तें १९६८ सालीं मान्य केलें.

असला धातु नदींत अत्यल्प असतो. तो आहे हें, व तो अमुक ठिकाणचाच हें, ठरवावें कसें? बाटलीभर पाणी तपासून भागत नाहीं. पाणी वाहतें, सांडपाणी रात्रीं सोडलें तर सकाळची बाटली निर्दोष ठरावयाची! गाळ मात्र जागचा सहसा हलत नाहीं. जड धातु त्याच्या बारीक कणांस चिकटून तळाशीं सांठतात. जिन्झूच्या भातखाचरांत पाणी जेथें शिरे, तेथील मातींत कॅडमियम सर्वांत अधिक, मध्यभागीं कमी, व पाणी बाहेर पडे तेथें त्याहूनहि कमी असें आढळलें. शिवाय रोगी होते ते याच नदीच्या पाटाखालील गांवांत. शेजारच्या इडा व कुमानो या नद्यांच्या पाण्यावरील गांवें वांचलीं होतीं.

तथापि आंकडा मोठा दिसला म्हणजे दोष कोणाचा तरी आहेच, असें समजूं नये. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणांत तांबें मुळांतच पुष्कळ असतें व तें गाळांतहि उतरतें. यास्तव संशयित जागेच्या वरचा व खालचा असे दोन्ही गाळ घ्यावे लागतात. ते एकाच बारीक चाळणीनें चाळावयाचे, कारण रेताड गाळांत धातु कमी भरतो व तुलना फसते. मग त्या धातूचें ॲल्युमिनियमशीं असलेलें प्रमाण पाहावयाचें. ॲल्युमिनियम मुख्यतः खडकांतून येतो. म्हणून वर व खालीं हें प्रमाण सारखेंच असेल तर धातु खडकाचा, आणि खालीं तें एकदम चढलें तर मधल्या जागेकडे बोट दाखवितां येतें.

बिघडलेली जमीन सुधारणें मात्र फार जड जातें. भात निसवतांना खाचरांत पाणी उभें ठेवल्यास दाण्यांत कॅडमियम कमी उतरतो, पण मातींतून तो जात नाहीं. जिन्झूकांठीं वरची माती गाडून वा काढून तीवर नवी माती घालण्याचें काम १९७९ पासून २०१२ पर्यंत चाललें. सुमारें ८६३ हेक्टर जमीन त्यांत आली. गांवकऱ्यांनीं १९७१ सालीं दावा जिंकला, १९७२ सालीं अपिलांतहि तो टिकला. त्याच वर्षींच्या करारान्वयें, कंपनीच्या खर्चानें, तज्ज्ञांसह खाणींत शिरून तपासणी करण्याचा हक्क त्यांनीं मिळविला, आणि पुढें वर्षानुवर्षें तो बजावला.