अष्टौनिंदित आणि आमची औषधालये

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील २१व्या अध्यायात आठ निंदित देहप्रकार वर्णिले आहेत. त्यांत अतिकृष्णाबरोबर अतिगौरही आहे, याचे आम्हांस सोयीस्कर विस्मरण होते. तेथे सविस्तर चिकित्सा मात्र अतिस्थूल व अतिकृश यांचीच आहे, वर्णाची नाही.

स्तनांचा आकार, उंची, कामशक्ती यांसाठी औषधांची जाहिरात करण्यास १९५४च्या आक्षेपार्ह जाहिरातविषयक अधिनियमाने बंदी आहे. तरीही ‘गोरेपणा’ आणि ‘पौरुष’ यांच्या डब्या आमच्याच कपाटांत दिसतात. न्यूनगंडाने आलेल्या तरुणास निदानाविना अशी डबी देणे म्हणजे त्याच्या आत्मनिंदेवर वैद्यकाची मोहोर उमटविणे होय.

प्रकृती गर्भावस्थेतच ठरते. ती विकत घेता येत नाही. व्यवसायबंधूंनो, प्रथम हे त्यास समजावून सांगू. औषधाचा विचार त्यानंतर.