थकव्याच्या छायाचित्रात न मावणारा आजार

बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत पाळ्या करणारी कामगार असो वा इंदापूर तालुक्यात ऊसतोडीला आलेली मजूर, ‘अंगात त्राण नाही’ ही तक्रार दोघींच्याही तोंडी ऐकू येते. मग टॉनिक लिहून दिले जाते, क्वचित सलाईन लावले जाते. पुष्कळदा रक्तक्षय, थायरॉईड, मधुमेह असे कारण सापडते. काहींच्या बाबतीत मात्र सहा महिने उलटूनही थकवा विश्रांतीने उतरत नाही आणि तपासण्यांत काही आढळत नाही. यांपैकी काहींना ‘मायाल्जिक एन्सेफलोमायलायटिस’ किंवा ‘क्रॉनिक फटीग सिंड्रोम’ हा आजार असतो.

या आजाराची ओळख प्रसारमाध्यमांनी बिघडवली, असे म्हणणे अतिशयोक्त ठरू नये. लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात १९५५ मध्ये २९२ कर्मचारी आजारी पडले. पंधरा वर्षांनी, १९७० मध्ये, दोन मानसोपचारतज्ज्ञांनी जुनी टिपणे चाळून, एकाही रुग्णाला न तपासता, तो सामूहिक उन्मादाचा प्रकार ठरवला. पुढे ऐंशीच्या दशकात अमेरिकी माध्यमांनी ‘यप्पी फ्लू’ हे नाव रूढ केले. खाऊनपिऊन सुखी, महत्त्वाकांक्षी तरुणांचे दुखणे, असा त्यातला टोमणा होता. फडातली बाई या चित्रात बसणार तरी कशी?

छायाचित्राचेही तेच. संगणकापुढे जांभई देणारी तरुणी हे अशा लेखांसोबतचे ठरलेले चित्र आहे. वस्तुतः या आजाराची खूण जांभई नव्हे. थोड्याशा श्रमानंतर, कित्येकदा दुसऱ्या दिवशी, प्रकृती एकाएकी ढासळते, हे त्याचे मुख्य लक्षण. इंदापूरहून एस.टी.ने बारामतीच्या बाजाराला गेलेली रुग्ण चारचौघांना धडधाकट दिसते. नंतरचे दोन-तीन दिवस ती अंधाऱ्या खोलीत पडून असते, ते ना शेजाऱ्यांना दिसते ना छायाचित्रकाराला.

उलट बाजूही ध्यानात घ्यायला हवी. दीर्घकाळचा प्रत्येक थकवा म्हणजे हा आजार नव्हे. गोव्यात सुमारे अडीच हजार स्त्रियांच्या पाहणीचे निष्कर्ष २००५ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाले. सुमारे १२ टक्के स्त्रियांनी सहा महिन्यांहून अधिक काळ थकवा असल्याचे सांगितले होते. सर्व घटक एकत्र तपासल्यावर हिमोग्लोबिनचा प्रभाव ठळक राहिला नाही. मानसिक ताण, घरातली दुय्यम वागणूक, पतीकडून होणारी हिंसा यांचा संबंध मात्र दिसला. ‘लोह वाढवणारे दहा पदार्थ’ अशा मथळ्यांत हे मावत नाही.

एखाद्या मथळ्याने प्रत्यक्ष इजाही होऊ शकते. ‘रोज थोडे अधिक चाला, थकवा पळेल’ हा सल्ला निरोगी माणसाला उपयोगी असेल. पण अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०१५ मध्ये हा गंभीर शारीरिक आजार असल्याचे स्पष्ट केले, आणि ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने २०२१ मध्ये टप्प्याटप्प्याने व्यायाम वाढवण्याचा उपचार आपल्या मार्गदर्शक सूचनांतून काढून टाकला. कोविडनंतर महिनोन्‌महिने न सावरलेल्यांपैकी अनेकांत हीच लक्षणे आढळली आहेत. त्यांच्या हाती मात्र पुरवण्यांतून अजूनही सकाळी चालायला निघण्याचाच सल्ला पडतो.