इंजिन आधी सांगतं

माझी थोरली बहीण पांढुर्ण्याला दिली आहे. दाजी नोकरीनिमित्त आमच्या निपाणी भागात होते, तेव्हा ही सोयरीक जुळली. आजही कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न येतो, 'हे गाव आलं कुठं?' नागपूरच्या वायव्येला, मध्य प्रदेशात. पांढुर्णा आणि सौसर हे मराठी बोलणारे तालुके. 1956 साली राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा आपण म्हैसूर राज्यात गेलो आणि ते मध्य प्रदेशात राहिले. 2023 साली हेच दोन तालुके छिंदवाड्यातून वेगळे होऊन पांढुर्णा जिल्हा झाला. आपल्या मराठीत कन्नड मिसळतं, त्यांच्या मराठीत हिंदी. एवढाच काय तो फरक!

मे महिन्याच्या सुटीत मी तिकडे गेलो होतो. भाच्यानं नुकतीच एक जुनी छोटी गाडी घेतली होती. आपल्याकडे छोटी गाडी म्हटलं की मारुती 800 आठवते. डिसेंबर 1983 मध्ये ती आली, जानेवारी 2014 मध्ये तिचं उत्पादन थांबलं. पण तिच्यासारख्या कितीतरी जुन्या गाड्या अजून हातोहात फिरतात. मध्यमवर्गीय घराला चारचाकीचं सुख मिळतं ते बहुधा असंच, दुसऱ्या किंवा तिसऱ्या हातानं. भाच्याची गाडी कोणत्या कंपनीची, ते सांगत नाही. दोष कंपनीचा नव्हताच, आमचा होता.

ताईच्या सासऱ्यांच्या, म्हणजे आबांच्या, डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख छिंदवाड्याला मिळाली होती. सकाळी निघालो. सौसर येईपर्यंत काटा अर्ध्याच्या वर गेलेला. भाचा म्हणाला, "मामा, रोज थोडं पाणी टाकावं लागते, बाकी गाडी मस्त आहे." गाडी थोडी निवल्यावर सौसरला पाणी टाकलं आणि निघालो. पुढे सिल्लेवानीचा घाट लागला. गाडीत चार माणसं, सामान आणि डोक्यावर ऊन. अर्ध्या घाटात बॉनेटमधून वाफ येऊ लागली.

गाडी थांबताच भाच्यानं रुमाल घेऊन रेडिएटरच्या झाकणाला हात घातला. तेवढ्यात मागून आलेल्या ट्रकचा ड्रायव्हर ओरडला, "हात काढ, पोळून निघशील!" त्या ओरडण्यानं पोराचा हात आणि चेहरा वाचला.

कारण सोपं आहे. रेडिएटरचं झाकण कुकरच्या झाकणासारखं काम करतं. आत दाब राहिल्यामुळे पाणी शंभर अंशांच्या पुढे तापलं तरी उकळत नाही. झाकण उघडलं की दाब एकदम उतरतो आणि त्या पाण्याची क्षणात वाफ होऊन ती उसळते. म्हणून इंजिन बंद करून निदान अर्धा-पाऊण तास थांबावं, हाताला झाकण गार लागल्यावरच उघडावं. तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतू नये, त्यानं धातूला तडा जातो.

आबा दोन तास रस्त्याकडेच्या कठड्यावर बसून होते. ऑपरेशनची तारीख हुकली. तक्रारीचा एक शब्द त्यांनी काढला नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

गाडी ओढून सौसरला आणली. मिस्त्रीनं रेडिएटरचं झाकण बोटानं दाबून दाखवलं, आतली स्प्रिंग ढिली झालेली. बोअरचं जड पाणी घालून घालून रेडिएटरच्या नळ्यांत क्षार साचलेले. आणि तशीच तापलेली गाडी दामटल्यामुळे हेड गॅस्केट उडालेलं. हेड वाकलं होतं, त्याला लेथवर फेस मारावा लागला. दोन-अडीचशे रुपयांच्या झाकणाचं दुखणं हजारांवर गेलं. मिस्त्री म्हणाला, "सर, गाडी रोज पाणी मागून सांगून राहिली होती. तुम्हीच ऐकून नव्हते राहिले."

वाचकहो, हे वाक्य मी विसरलेलो नाही. बंद नळ्यांतून फिरणारं पाणी रोज कमी होत असेल, तर ते कुठंतरी जातंय. होजपाइप, वॉटर पंप, रेडिएटर, नाहीतर थेट सिलिंडरमध्ये. पाणी भरणं हा इलाज नव्हे, वाट शोधणं हा इलाज. साध्या पाण्याऐवजी कूलंट घालावं. त्यानं गंज चढत नाही आणि उकळण्याचा बिंदूही वाढतो.

जुनी गाडी घ्यायला जाल तेव्हा सकाळी जा आणि बॉनेटवर हात ठेवा. आधीच गरम असेल तर मालकानं सुरू करून ठेवलेली आहे, हे समजा. इंजिन गार असतानाच सुरू करायला सांगा. तेलाची पट्टी काढून बघा. तेल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी गेलंय. निळा धूर म्हणजे तेल जळतंय. सकाळची थोडी वाफ चालते, पण गाडी तापल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला तर हेड गॅस्केटचा संशय घ्या. गाडी उभी ठेवून वीस मिनिटं इंजिन चालू राहू द्या, पंखा आपोआप सुरू होतो का पाहा. टायमिंग बेल्ट केव्हा बदलला, तेही विचारा. आणि नोंदणीची पंधरा वर्षं संपत आली असतील, तर नूतनीकरणाचा खर्च किमतीत धरा.

आबांना पुढची तारीख मिळाली. त्या वेळी ते एसटीसारख्या खासगी बसनं गेले आणि ऑपरेशन नीट झालं. भाचा आता दर रविवारी बॉनेट उघडतो.

माझी आई कन्नड घरातली. मी गाडी काढली की ती दारातून म्हणते, "निधान, निधान!" कन्नडमध्ये निधान म्हणजे सावकाश, मराठीत निधान म्हणजे ठेवा. जुन्या गाडीच्या बाबतीत मला हे दोन्ही अर्थ एकच वाटू लागले आहेत. सावकाश चालवली, तिचं ऐकलं, तरच ती ठेवा. नाहीतर घाटात सगळ्यांसमोर वाफ ठरलेली!