जमिनीच्या पोटातले पाणी मोजायचे कसे?

ताम्हिणीच्या डोंगरांवर पावसाळ्यात हजारो मिलिमीटर पाऊस कोसळतो. त्याच मुळशी तालुक्याच्या पूर्व भागात, हिंजवडी, माण, भूगाव परिसरातील गृहसंकुलांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. मुळशी धरणाचे पाणी मुख्यत्वे भिऱ्याच्या वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळते. तेव्हा अनेकांचा भरवसा कूपनलिकेवर असतो. मात्र खाली पाणी आहे तरी किती?

येथील अखंड काळ्या कातळात पाणी जवळजवळ मुरत नाही. ते साठते वरच्या मुरमात, सच्छिद्र मांजऱ्या खडकात आणि भेगांमध्ये. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरावीक निरीक्षण विहिरींची पातळी मोजते. मे आणि ऑक्टोबरमधील पातळीतला फरक, क्षेत्रफळ आणि खडकाची पाणी सोडण्याची क्षमता यांचा गुणाकार केला की भूजलात पडलेल्या भरीचा ढोबळ अंदाज मिळतो.

यातला नाजूक आकडा तिसरा. १९९७ च्या केंद्रीय भूजल अंदाज पद्धतीत अशा बेसॉल्टसाठी ही क्षमता १ ते ३ टक्के मानली असून, साधारणतः २ टक्के धरावी असे सुचविले आहे. समजा, एक हेक्टर जमिनीखाली पातळी चार मीटरने वाढली. दोन टक्क्यांच्या हिशेबाने आठ लाख लिटर पाणी मिळाले. क्षमता एकच टक्का निघाली, तर चार लाख; तीन टक्के असेल, तर बारा लाख! एवढ्या फरकावर एखाद्या संकुलाचे नियोजन उभे असते. शिवाय २० टक्क्यांहून अधिक उताराची डोंगराळ जमीन या गणितातून वगळली जाते. साहजिकच मुळशीचा बराच पाऊसबहुल भाग हिशेबाबाहेर राहतो.

जमिनीत वीजप्रवाह सोडून तिचा विरोध मोजण्याची पद्धतही आहे. ओला मुरूम प्रवाह सहज जाऊ देतो, कोरडा कातळ अडवतो. सायबेरियातील कायम गोठलेल्या जमिनीतील बर्फाचा अंदाज घेताना हेच तत्त्व वापरतात. तिथे मात्र बर्फच प्रवाहाला अडवतो आणि खात्रीसाठी जमिनीचा गाभा काढून, तो वितळवून वजन करतात. मुळशीत ती सोय नाही. भेगांतले पाणी नमुन्यासोबत वर येत नाही. त्यासाठी विहिरीवर तासन्‌तास पंप चालवून पातळी किती उतरते आणि किती वेळाने पुन्हा भरते, हे पाहावे लागते. तरीही पन्नास फुटांवरच्या शेजाऱ्याची कूपनलिका कोरडी निघू शकते.